सुखालाही ऋतू असावा



मृगाचा पाऊस पडला की आठवड्याभरात बाजाराच्या कोपऱ्यावर शेवळं दिसू लागतात. डोंगराकडच्या गावांतून पहाटे निघालेल्या आदिवासी भगिनी समोर जुड्या मांडून बसलेल्या असतात. शेजारी काकडांचा लहानसा वाटा असतो. काकडांशिवाय शेवळं शिजवली तर घसा किती खाजतो, हे ज्यांनी एकदा अनुभवले आहे त्यांना पुन्हा सांगावे लागत नाही. निवडायचा व्याप, शिजवायचा व्याप, आणि एवढे करून दोन-तीन आठवड्यांत शेवळं बाजारातून नाहीशी होतात. मग पुढच्या मृगापर्यंत वाट पाहायची.

आमच्या धर्मगुरू निवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशी सोडे घालून शेवळांची भाजी करतात. या वर्षी ती पहिल्यांदा ताटात आली तेव्हा आम्ही नेहमीपेक्षा दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. हे काय चर्चच्या पत्रिकेत सांगण्यासारखे आहे, असे कुणी म्हणेल. पण त्या जेवणाच्या वेळी आम्हाला एका प्रश्नाची आठवण झाली, आणि तो प्रश्न अजून आमची पाठ सोडत नाही.

आपल्या युवक मंडळाच्या सभेत एका मुलाने विचारले होते, "फादर, प्रायश्चित्तकाळात तुम्ही सांगता, त्याग करा. पण लग्नात 'झिंगाट' लागलं की तुम्हीपण टाळ्या वाजवता. मॅच असली की तुमच्या खोलीतला टीव्ही आम्हाला गेटवर ऐकू येतो. मग या गोष्टी चांगल्या की वाईट? चांगल्या असतील तर सोडायच्या कशाला? आणि वाईट असतील तर चाळीस दिवसच का?"

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो आणि 'अति तेथे माती' असे ठरलेले उत्तर देऊन मोकळे झालो. रात्री खोलीवर आल्यावर ते उत्तर आम्हालाच पोकळ वाटू लागले. किती म्हणजे अति? दोन भाकऱ्या? तीन षटके? चार गाणी? हे माप कोणी ठरवायचे? मुलाने प्रामाणिकपणे प्रश्न विचारला आणि आम्ही त्याच्या हातावर म्हण ठेवली. म्हणून आज ते उत्तर नीट देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लहानसहान सुखे म्हणजे पापाची पहिली पायरी, असे आपल्यापैकी काहींना मनापासून वाटते. लग्नसराईत दोन-चार ज्येष्ठ मंडळी आमच्याकडे येतात आणि म्हणतात, फादर, हे नाचगाणे बंद करा. आवाज रात्री किती वाजेपर्यंत चालावा, शेजारच्या आजारी माणसाला त्याचा त्रास होतो का, हे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण नाचणेच वाईट, हसणेच वाईट, असे ख्रिस्तसभेच्या थोर गुरूंनी शिकवलेले नाही.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस हे सेमिनरीत आम्हाला सर्वांत कठीण वाटणारे गुरू. त्यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिए' या महाग्रंथात त्यांनी खेळ आणि विनोद या विषयाचा स्वतंत्र विचार केला आहे. तेथे ते एक जुनी गोष्ट सांगतात. शुभवर्तमानकार संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळताना काही लोकांना दिसले. एवढा मोठा संत आणि खेळतो आहे, याचे त्या लोकांना वाईट वाटले. त्यांच्यापैकी एकाकडे धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले. मग आणखी एक, मग आणखी एक. शेवटी विचारले, "असाच न थांबता सोडत राहशील का?" तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. योहान म्हणाले, मनाचेही तसेच आहे. दमलेल्या शरीराला झोप लागते, तसा दमलेल्या मनाला आनंद लागतो, हे अक्वायनस यांचे म्हणणे. एवढेच नव्हे, तर जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालतो, त्याच्या वागण्यातही ते दोष दाखवतात.

आणि काना गावचे लग्न तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे. सहा दगडी रांजण. आजच्या मापाने प्रत्येकात साधारण ८० ते १२० लिटर पाणी मावेल एवढे. म्हणजे सुमारे ५०० ते ७०० लिटर द्राक्षारस झाला, आणि तोही पाहुण्यांचे बरेचसे पिऊन झाल्यावर. प्रभू येशूने आपल्या पहिल्या चिन्हासाठी गावातल्या लग्नातली अडचण निवडली, याचा विचार लग्नातल्या गाण्यांवर रागावण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा करावा.

तेव्हा मुलाच्या प्रश्नाचा पहिला भाग सुटला. या गोष्टी चांगल्या आहेत. पण मग सोडायच्या कशाला?

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात या विषयावर आमचा मोठा वाद झाला होता. इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम यांचे मत असे, की सुखाचे प्रमाण सारखे असेल तर पोरांचा टाचण्यांचा खेळ आणि कविता यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही. त्यांच्याच परंपरेतील जॉन स्टुअर्ट मिल यांना हे पटले नाही. १८६३ साली पुस्तकरूपाने आलेल्या 'युटिलिटेरियनिझम' या ग्रंथात त्यांनी वरच्या प्रतीची सुखे आणि खालच्या प्रतीची सुखे असा भेद केला. बुद्धीची, भावनेची सुखे वरची. नुसत्या शरीराची खालची. आम्ही विद्यार्थी अर्थातच मिलच्या बाजूने होतो. दिवसा त्यांची बाजू तावातावाने मांडायची आणि रात्री पांघरुणात लहान रेडिओ घेऊन क्रिकेटचे समालोचन ऐकायचे, असा आमचा क्रम होता.

पुष्कळ वर्षे आम्हाला वाटत होते की प्रश्न हाच आहे : कोणते सुख वरचे आणि कोणते खालचे. पण एका रात्रीने आमचा हा समज मोडला. ती गोष्ट आम्ही आजवर कुणाला सांगितली नव्हती. संबंधित कुटुंबाची परवानगी घेऊन आज लिहीत आहोत.

२९ जून २०२४. संत पेत्र आणि संत पौल यांचा सण, शनिवार. संध्याकाळची मिस्सा झाली, जेवण झाले, आणि आम्ही टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना पाहायला बसलो. सामना बार्बाडोसला चालला होता, त्यामुळे आपल्याकडे रात्र. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या आणि हाइनरिक क्लासन काही केल्या आवरत नव्हता. सामना हातून गेला असे वाटत असतानाच फोन वाजला. धर्मग्रामातल्या एका घरातून होता. आजोबांचे दुखणे बळावले होते. रुग्णाभ्यंग संस्कारासाठी येता का, फादर?

"दहा मिनिटांत निघतो," आम्ही म्हणालो.

मग हार्दिक पंड्याने क्लासनला बाद केले. बुमराहचे एक षटक शिल्लक होते, तेवढे पाहावे म्हटले. शेवटच्या षटकात १६ धावा हव्या असताना सूर्यकुमार यादवने मिलरचा झेल सीमारेषेवर कसा घेतला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यानंतर कोण उठणार? भारत ७ धावांनी जिंकला. बाहेर फटाके सुरू झाले. आम्ही तेलाची कुपी घेतली, रेनकोट चढवला, स्कूटर काढली. त्या घरी पोहोचेपर्यंत दहा मिनिटांचा पाऊण तास झाला होता.

आजोबा होते, पण शुद्ध हरपली होती. आम्ही संस्कार दिला, घरच्यांबरोबर प्रार्थना केली. पहाटे ते गेले.

त्या घरातल्या कुणीही आम्हाला एका शब्दाने दुखावले नाही. सूनबाईंनी चहा पुढे केला आणि सहज बोलून गेल्या, "बाबांना क्रिकेटचं वेड होतं, फादर. सकाळपासून मॅच, मॅच चाललं होतं. तुम्हाला फोन केला तेव्हा त्यांनीच टीव्ही बंद करायला लावला. फादर येतायत म्हणाले." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "शेवटी काय झालं हो? फटाके ऐकले मघाशी."

"जिंकलो," आम्ही म्हणालो. सात धावांनी, हेही तोंडातून निघून गेले. आणि सांगताना कळले की इतका वेळ आम्ही कुठे होतो, हे आता या घराला ठाऊक झाले आहे.

आजोबांनी आमच्यासाठी सामना बंद केला. आम्ही त्यांच्यासाठी केला नाही. शेवटच्या तासात त्यांना काही बोलायचे होते का, पापनिवेदन करायचे होते का, हे आम्हाला कधीच कळणार नाही.

या रात्रीचा विचार आम्ही पुष्कळ केला. क्रिकेट पाहणे वाईट होते का? नाही. आजोबाही तेच पाहत होते. क्रिकेट हे खालच्या प्रतीचे सुख म्हणून चूक झाली का? तसेही नाही. समजा, त्या वेळी आम्ही टीव्हीसमोर न बसता संत ऑगस्टीन यांचा ग्रंथ वाचत असतो आणि 'एवढे प्रकरण संपवतो, मग निघतो' असे म्हणालो असतो. चूक तीच राहिली असती. बेंथम आणि मिल यांच्या वादाचा येथे काही उपयोग नाही. सुख वरचे होते की खालचे, हा प्रश्न नव्हता. हाक आल्यावर त्यातून उठता आले का, हा प्रश्न होता. आम्हाला उठता आले नाही.

संत ऑगस्टीन यांचे नाव निघालेच आहे, तर त्यांच्या 'कबुलीजबाब' या आत्मकथनातील एक प्रसंग सांगतो. त्यांचा अलिपियुस नावाचा मित्र रोममध्ये कायदा शिकायला गेला होता. तेथील रक्तरंजित झुंजीच्या खेळांचा त्याला तिटकारा होता. एके दिवशी मित्रांनी त्याला ओढून नेले. तो म्हणाला, माझे शरीर न्याल, पण मी डोळे मिटून बसेन. बसलाही. पण एका क्षणी गर्दीतून प्रचंड गलका उठला आणि कुतूहलाने त्याचे डोळे उघडले. ते मिटले नाहीत. पुढे तो स्वतः जाऊ लागला, इतरांनाही नेऊ लागला. आपले क्रिकेट आणि ते रक्तपाताचे खेळ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण अलिपियुसची चूक आपल्या ओळखीची आहे. मला हवे तेव्हा मी उठेन, असे तो धरून चालला होता. दिलासा एवढाच की हाच अलिपियुस पुढे बिशप झाला आणि त्याची गणना संतांमध्ये होते.

आता ऋतूंकडे वळू. आम्ही शेवळांपासून सुरुवात केली ती उगीच नाही.

आपल्या वाडवडिलांना सुखातून उठण्याचा वेगळा सराव करावा लागत नसे. ते काम ऋतू करत असे. करवंदे, जांभळे, ताडगोळे उन्हाळ्याबरोबर येत आणि त्याच्याबरोबर जात. मोठा पाऊस झाला की माचावरचा आंबा उतरला असे म्हणायचे आणि त्याचा नाद सोडायचा. राजेळी केळ्यांची सुकेळी उन्हाशिवाय होत नाहीत, म्हणून आपल्या वसईत ती पावसाआधी करून ठेवायची. कुणी कितीही श्रीमंत असो, श्रावणात त्याला झाडावरचे करवंद मिळत नसे. ऋतू कुणाला विचारून संपत नाही. तो संपतो आणि आपण आपसूक उठतो.

आपले कोळीबांधव तर हे अधिक चांगले सांगतील. पावसाळ्यात मासेमारी बंद राहते. २०२४ साली ही बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस होती. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, जाळी दुरुस्त होतात, सुक्या मासळीवर घर चालते. मासे वाईट म्हणून का ही बंदी? उलट, मासे हवेत म्हणून बंदी. या काळात समुद्र खवळलेला असतो आणि मासळीची वीणही होते. ज्याने या दोन महिन्यांत जाळे टाकले त्याने पुढच्या दहा महिन्यांची मासळी मारली, हे बंदरावरच्या लहान मुलालाही समजते.

मनोरंजनालाही एके काळी असाच ऋतू होता. १९८७ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'रामायण' मालिका सुरू झाली. आम्ही तेव्हा लहान होतो. आमच्या आळीत एकच टीव्ही होता. मिस्सा संपली की प्रवचनातला एक शब्दही न आठवता आम्ही मुले त्या घराच्या ओटीवर धावायचो. ख्रिस्ती, हिंदू, सगळी मिळून वीस-पंचवीस जण दाटीवाटीने बसायचो. भाग संपला की त्या घरच्या काकी टीव्हीवर विणलेला रुमाल टाकायच्या. संपले. पुढचा भाग पुढच्या रविवारी. कितीही हट्ट केला तरी काकींच्या हाती काही नव्हते. आम्ही उठायचो, आणि आठवडाभर ओढ्याकाठी काठ्यांचे धनुष्यबाण करून खेळायचो. आज वाटते, खरे सुख त्या खेळण्यात अधिक होते.

गेल्या वीस वर्षांत बदल झाला तो येथे. सुखे वाईट झाली असे नाही. त्यांचा शेवट काढून टाकला गेला. २००६ साली आझा रास्किन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने अशी युक्ती काढली की पडद्यावरचे पान संपायच्या आतच पुढचे आपोआप येते. वाचणाऱ्याला थांबायला जागाच उरत नाही. पुढे तिचे परिणाम पाहून त्यांनी स्वतःच जाहीरपणे खेद व्यक्त केला. २०१७ साली नेटफ्लिक्सचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज म्हणाले होते, की त्यांची खरी स्पर्धा माणसांच्या झोपेशी आहे. विनोदाने म्हणाले असतील, पण आपल्या घराघरांत रात्री बारा वाजता उशीखालून येणारा उजेड पाहिला की हसू येत नाही.

ज्याला बांध नाही ते पाणी शेतात राहत नाही, वाहून जाते. सुखाचेही तसेच होते. बारा महिने मिळणाऱ्या गोष्टीची चव हळूहळू कळेनाशी होते, आणि चव कळेना म्हणून माणूस आणखी मागतो. रात्रभर फोन पाहिलेल्या मुलाला सकाळी विचारा, काल काय पाहिले? त्याला एकही गोष्ट धड आठवत नाही. दोन-तीन आठवडे मिळालेली शेवळं मात्र वर्षभर आठवतात.

ज्या 'झिंगाट' गाण्यावरून हा प्रश्न निघाला, ते २०१६ सालच्या 'सैराट' चित्रपटातले. अजय-अतुल यांच्या त्या संगीतावर आपले सगळे मांडव नाचले. पण ज्यांनी तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिला त्यांना आठवत असेल, दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी शेवटच्या दृश्यात संगीत नव्हे, सगळाच आवाज थांबवला आहे. जातीच्या अभिमानाने केलेले खून आणि रडत चाललेले लहान मूल, हे आपण शांततेत पाहतो. ज्याने आपल्याला नाचवले त्यानेच आपल्याला थांबवले. नाचणे खोटे नव्हते. पण जो माणूस नुसते गाणे घेऊन घरी जातो आणि ती शांतता मागे ठेवतो, त्याने अर्धाच चित्रपट पाहिला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा राहिलेला भाग. वाईट असेल तर चाळीस दिवसच का?

मुला, वाईट गोष्ट चाळीस दिवस सोडायची नसते. ती तीनशे पासष्ट दिवस सोडायची असते. प्रायश्चित्तकाळात आपण चांगल्या गोष्टी सोडतो. मासळी चांगली, मटण चांगले, सिनेमा चांगला. त्या काळात मिस्सेमध्ये 'आलेलुया' गात नाहीत. 'आलेलुया' का वाईट आहे? चांगल्या गोष्टीपासून उठता येते का, हे आपण स्वतःलाच दाखवत असतो. आणि पास्काच्या रात्री तोच 'आलेलुया' पुन्हा कानावर आला की अंगावर काटा येतो, तो वर्षभर रोज ऐकून आला नसता. प्रायश्चित्तकाळ म्हणजे मनाची मासळीबंदी आहे. उपदेशकाच्या पुस्तकात रडण्याची वेळ आणि हसण्याची वेळ, शोकाची वेळ आणि नाचण्याची वेळ एकाच यादीत शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. नाचाची वेळ त्या यादीतून वगळलेली नाही. पण तीच एक वेळ आहे, असेही म्हटलेले नाही.

येथे थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पण आपल्याच धर्मग्रामातील एका घराने आम्हाला थांबू दिले नाही.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातो. एका घरी ऐंशीच्या पुढच्या आजी एकट्या असतात. मुलगा आखातात, मुलगी सासरी. सकाळपासून रात्रीपर्यंत टीव्हीवर मालिका चालू. एकदा आम्ही थोडे उपदेशाच्या सुरात म्हणालो, "आजी, थोडा वेळ बंद ठेवत जा, जपमाळ करा." आजी म्हणाल्या, "जपमाळ करते, फादर. दोनदा करते. पण ती संपल्यावर घरात आवाज नको का कुणाचा?"

आम्ही गप्प बसलो. सुखातून उठावे, हे खरे; पण ज्याला हाक मारणारेच कुणी नाही, त्याने उठून जायचे कुठे? आजींच्या टीव्हीचा दोष आजींकडे नाही. तो आम्हा सर्वांकडे येतो, ज्यांना त्यांच्या दारापर्यंत जायला वेळ मिळत नाही, कारण आम्ही आमच्या पडद्यासमोरून उठलेलो नसतो. संयमाचा उपदेश करण्याआधी समोरच्या माणसाच्या वाट्याला दुसरे कोणते सुख आले आहे, हे पाहिले पाहिजे. एका घरातला टीव्ही बंद करायचा असेल, तर त्याआधी शेजारच्या दोन घरांतला बंद करून कुणीतरी तेथे जाऊन बसले पाहिजे.

म्हणून या पावसाळ्यासाठी आमच्या साध्या सूचना आहेत. प्रत्येक घराने आपल्या एका आवडत्या गोष्टीला ऋतू ठरवून द्यावा. मालिका असेल तर दिवस ठरवा, फोन असेल तर तास ठरवा, आणि तो संपला की आमच्या काकींसारखा त्यावर रुमाल टाका. उरलेल्या वेळात एक दार वाजवा. आणि बाजारात शेवळं किंवा दुसरी रानभाजी घेताना दहा रुपयांसाठी भाव पाडू नका. आपल्या ताटातल्या सुखासाठी ती बाई अंधारात उठलेली असते.

आमच्यापुरते सांगायचे तर आम्ही क्रिकेट सोडलेले नाही. २ नोव्हेंबर २०२५ हा रविवार होता आणि मृत भाविकांचा स्मरणदिनही. संध्याकाळी दफनभूमीत कबरींना आशीर्वाद देताना त्या आजोबांच्या कबरीजवळ सूनबाई मेणबत्ती लावून उभ्या होत्या. त्या दिवशी नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. अवेळी आलेल्या पावसाने तो दोन तास लांबला होता. तीन दिवसांपूर्वी आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या होत्या, त्यामुळे दफनभूमीतही दबक्या आवाजात तोच विषय चालला होता.

"आज बाबा असते ना, फादर," सूनबाई म्हणाल्या, "तर आपल्याला येथे यायला उशीर झाला असता." आणि त्या हसल्या. त्यांच्या हसण्याने आमच्या मनावरचे ओझे पूर्ण उतरले असे म्हणणार नाही. थोडे हलके झाले.

रात्री आम्ही सामना पाहायला बसलो. हल्ली बसताना तेलाची कुपी आणि स्कूटरची किल्ली टीव्हीसमोरच्या टेबलावर ठेवतो. पडद्याकडे पाहताना ती दिसतेच. त्या रात्री फोन वाजला नाही. भारत ५२ धावांनी जिंकला. आम्ही शेवटच्या झेलापर्यंत सामना पाहिला, आणि मनापासून पाहिला.

तुमचा,
धर्मगुरू